उत्तरेच्या भिंतीतलं भोक

साइमा हुहताला आग कशी पेटवायची हे शिकवायला जन्मात कुणी धजलं नव्हतं. ती सहा वर्षांची होती तेव्हापासून घरातल्या लाकडं जाळायच्या स्टोव्हची जबाबदारी तिची. बाप तांब्याच्या खाणीत, आई गाईंच्या मागे, आणि ही पोर पहाटे बर्चच्या झाडाच्या सालीला काडी लावून घर तापवायची. पुढे अठ्ठावीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण रांधलं. लाकूड ओलं आहे की सुकं, धूर खाली येणार की वर जाणार, हे ती स्टोव्हच्या आवाजावरून दुसऱ्या खोलीतून सांगायची. नवरा रूडी थट्टेने म्हणायचा, "हिच्या धाकानेच धूर वर जातो."

आणि अशा बाईला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका गॅसच्या शेकोटीने रडवलं. रडवलं म्हणजे अगदी डोळ्यांतून पाणी नाही, सुपीरियर सरोवराकाठच्या त्या खाणवस्तीत कुणी उघड रडत नाही. पण तिने एकदा स्क्रूड्रायव्हर भिंतीवर फेकून मारला होता, आणि फेकल्यावर वाकून उचलायला दहा मिनिटं लागली होती.

ही शेकोटी तिने मागितली नव्हती. मागच्या वसंतात खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी लाकडं उचलायची नाहीत म्हणून सांगितलं, आणि ग्रीन बे शहरातून मुलगी ग्वेन येऊन सगळं ठरवून गेली. जुना स्टोव्ह दोन माणसांनी उचलून नेला. त्याच्या जागी ही काचेची पेटी आली. आत मातीची खोटी लाकडं, खाली गॅसची नळी, समोर जाड काच, आणि धूर जायला उत्तरेच्या भिंतीतून आरपार एक नळकांडं. त्याच नळकांड्याच्या बाहेरच्या थरातून शेकोटी हवा आत ओढते आणि मधल्या थरातून जळका वायू बाहेर टाकते. वीज गेली तरी चालते, हे तिचं मोठं कौतुक. घर तापवणारी मोठी भट्टी विजेशिवाय चालत नाही, आणि सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की त्या वस्तीत वीज आठवड्यातून एकदा तरी जाते.

नोव्हेंबरात पहिलं वादळ झालं आणि दुसऱ्या दिवशी शेकोटीची काच काजळीने काळी झाली. साइमाने दुकानाला फोन लावला. तीन दिवसांनी दुकानाचा कारागीर डुवेन आला. डुवेन आता पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, पण तिच्या लेखी तो अजून शाळेत ताटातले वाटाणे रुमालात लपवणारा पोरगाच होता.

"काजळी म्हणजे ओढ कमी पडतेय, मिसेस हुहता," तो गुडघ्यांवर बसत म्हणाला. "ही वरची पत्र्याची झडप बघा. एकाच स्क्रूवर आहे. ही थोडी उघडली की धूर जोरात ओढला जाईल. पाव इंच उघडतो."

"पाव इंचानं काय होतंय?"

"पाव इंचानं खूप होतं. आता काच लावायची, पेटवायची, आणि वीस मिनिटं नुसतं बघत बसायचं. त्याशिवाय खरी ज्योत कळत नाही."

वीस मिनिटं तो बसला. साइमाने कॉफी आणि वेलदोड्याचा पाव पुढे ठेवला. त्याने तीनदा नको म्हटलं आणि चौथ्यांदा तीन तुकडे खाल्ले, म्हणजे रीतीप्रमाणे झालं. ज्योत पिवळी, उंच, शांत जळत होती. जाताना तो म्हणाला, "तुमची उत्तरेकडची बाजू कोण साफ करतं हो? बर्फ काय सुरेख कापलंय. नळकांड्याखाली दोन हात मोकळं ठेवलंय."

"ग्वेननं ट्रॅक्टरवाला लावलाय," साइमा म्हणाली. तिच्या मनात दुसरं काही यायचं कारणच नव्हतं. त्या भिंतीला आता खिडकी नव्हती. वारा फार येतो म्हणून रूडीनेच ती कधीची बुजवून टाकली होती.

पुढच्या साध्या वाऱ्याला ज्योत निळी पडली, फडफडली, आणि सतत तेवणारी छोटी पायलटची वातसुद्धा विझली. डुवेन पुन्हा आला. "आता ओढ जास्त झालीय," म्हणाला, आणि झडप बंद करून गेला. डिसेंबरात वादळ आलं, काच काळी झाली, ज्योत पेंगुळली आणि मेली. डुवेन तिसऱ्यांदा आला, तोही वादळानंतर दोन दिवसांनी, लख्ख उन्हात. वीस मिनिटं बसला. ज्योत अशी जळत होती की कॅलेंडरवर छापावी.

"माझ्यासमोर तर छान जळतेय, मिसेस हुहता."

"तुझ्यासमोर छानच जळणार! तू गेलास की ती मरते!"

"तुम्ही काही हलवलंत का?"

हे ऐकल्यावर साइमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभ्या आयुष्यात आगीच्या बाबतीत तिला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या दिवशी तिने पाव चौथ्यांदा पुढे केला नाही, आणि डुवेनला ते नेमकं कळलं.

खरं म्हणजे तिने हलवलं होतं. त्याने जरा नीट विचारलं असतं तर तिने कबूलही केलं असतं. काच उतरवायच्या दोन कड्या तिला सापडल्या होत्या. वादळात झडप उघडायची, वादळ सरलं की मिटायची, असं तिने दहा वेळा केलं. सगळे प्रयोग तिने वहीत लिहून ठेवले होते, तारीख, वारा, झडप किती, ज्योत कशी. शाळेत पीठ किती आणि पाणी किती हे ती असंच लिहायची. पण इथे मेळच बसेना. एकाच वाऱ्यात, एकाच झडपेवर, एकदा ज्योत फाटायची आणि एकदा गुदमरायची. चार पानं भरल्यावर तिने वही मिटून फ्रिजवर फेकली.

यात भर म्हणजे ती डबी.

डबी ग्वेनने आणलेली. पांढरी, साबणाच्या वडीएवढी, कपाटावर ठेवायची. घरात किती गरम आहे ते ती ग्रीन बेमध्ये ग्वेनच्या फोनवर दाखवते. डिसेंबरच्या त्या वादळात वीज पाच तास गेली, शेकोटी मेली, आणि साइमा कोट, टोपी, दोन मोजे घालून पांघरुणात बसून राहिली. कुणाला काही बोलली नाही. पण वीज आली तशी त्या डबीने पाच तासांचं सगळं ओकून टाकलं. आकडा एकोणपन्नास फॅरनहाइटपर्यंत खाली गेला होता, म्हणजे जेमतेम साडेनऊ सेल्सिअस.

ग्वेन दुसऱ्या दिवशी चार तास गाडी हाकत आली.

"आई, एकोणपन्नास! एकोणपन्नासात दूध ठेवतात!"

"मी दूध नाहीये."

"तू चौऱ्याहत्तरची आहेस. हाडात लोखंड घातलंय. ऐक माझं. हा हिवाळा मी बघते. अजून एकदा जरी ही डबी पन्नासच्या खाली गेली, तर मार्चमध्ये घर विकायचं आणि तू माझ्याकडे यायचं. माझ्या गल्लीतच फ्लॅट आहे, खालच्या मजल्यावर. मान्य?"

साइमाने खिडकीबाहेर पाहिलं. मग "मान्य" म्हणाली. ग्वेनला जे हवं होतं ते मिळालं, कारण त्या वस्तीत शब्द दिला की दिला. कागद लागत नाही.

जानेवारीत एकदा वीज दोन तास गेली, शेकोटी पुन्हा विझली, आणि साइमाने डबी खाली काढून काखेत दाबून धरली. वीज आल्यावर अर्ध्या मिनिटात फोन वाजला.

"आई, घरात अठ्ठ्याण्णव डिग्री?"

"शेकोटी चांगली चाललीय आज."

"आई, अठ्ठ्याण्णव म्हणजे तू आहेस! डबी काखेत आहे ना तुझ्या?"

साइमाने डबी काखेतून काढून कपाटावर ठेवली. ग्वेन इतक्या हळू आवाजात म्हणाली, "पुन्हा माझ्याशी असं करू नकोस," की साइमाला ओरडणं परवडलं असतं. तिने त्याचाही शब्द दिला.

आता ओन्नी लाम्पीबद्दल सांगायला हवं, कारण उत्तरेकडे त्याचं घर. खाणीच्या कंपनीने सगळी घरं एकाच साच्यातून बांधलेली, मधे एक गाडी जाईल एवढीच जागा. ओन्नी आणि साइमा एकाच बाकावर शिकलेले. रूडी आणि ओन्नी एकाच होडीत बसून मासे धरायचे. आणि सोळा वर्षांपूर्वी त्यांचं बर्फावरून फाटलं.

रूडी सरकारी बर्फगाडी चालवायचा. ओन्नीचं म्हणणं असं की रस्ता साफ करताना रूडी मुद्दाम त्याच्याच फाटकापुढे बर्फाचा बांध घालून जातो. रूडी म्हणायचा, गाडीचं पातं तिथे वळतं, मी काय करू? ओन्नीने ऐकलं नाही. त्याने बर्फ फेकायच्या यंत्राने आपल्या दारातलं सगळं बर्फ हुहतांच्या हद्दीत उडवायला सुरुवात केली. अकरा हिवाळे हे चाललं. त्या दोघांनी अकरा वर्षांत एकमेकांना नमस्कारही केला नाही. पाच वर्षांपूर्वी रूडी गेला. ओन्नी चर्चमध्ये आला, मागच्या बाकावर बसला, आणि नंतरच्या कॉफीला न थांबता निघून गेला. मयताच्या कॉफीला न थांबणं म्हणजे काय, ते तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. साइमाने त्या दिवसापासून त्याच्या घराकडे बघणंसुद्धा सोडलं. त्या हिवाळ्यानंतर त्याचं बर्फ तिच्याकडे उडायचं थांबलं हे तिच्या लक्षात आलं होतं. यंत्र मोडलं असेल मेल्याचं, असं तिने ठरवून टाकलं.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी वारा सकाळपासूनच वायव्येचा होता. दुपारी एकला दिवे गेले. भट्टी थांबली. साइमा शांतपणे उठली, शेकोटी लावली, आणि खुर्ची ओढून समोर बसली. घड्याळ मांडीवर. डबीचा आकडा सदुसष्ट.

आठव्या मिनिटाला ज्योत लांब झाली. नवव्याला लाकडांवरून उचलली गेली आणि नुसतीच हवेत तरंगायला लागली. अकराव्या मिनिटाला फस्स करून गेली.

"मर," साइमा म्हणाली.

तिने काच गार होऊ दिली, उतरवली, झडप अर्धी उघडली, काच लावली, पेटवली. ज्योत दहाव्या मिनिटाला गेली. आकडा एकसष्ट. पुन्हा काच उतरवली. बोटं पोळली. आता तिने स्क्रू पुरता सैल केला आणि झडप सताड उघडी टाकली, याच्यापुढे उघडायला काही उरलंच नाही. पेटवली. ज्योत नवव्या मिनिटाला गेली. आकडा सत्तावन्न.

तेव्हा तिला भयंकर राग आला, डुवेनचा, ग्वेनचा, त्या डबीचा, खुब्यातल्या लोखंडाचा, आणि सगळ्यांत जास्त रूडीचा. हिला एकटीला या खोट्या लाकडांच्या ताब्यात देऊन तो खुशाल निघून गेला होता. ती मोठ्याने शिव्या देऊ लागली. घरात कुणी नव्हतं म्हणून तिने लहानपणी घरात बोलायच्या त्या भाषेतल्या दिल्या, ज्या तिच्या बापाने खाणीतून आणल्या होत्या. शिव्या संपल्या. छताशी वारा घोंगावत होता.

घोंगावणारा तो वारा ऐकताना तिच्या डोक्यात एक गोष्ट आली, आणि आपण इतकी साधी गोष्ट तीन महिने विसरलो याची तिला लाज वाटली. झडप सताड उघडी. बाहेर वारा पिसाळलेला. अशा वेळी ज्योत फाटायला हवी, निळी पडायला हवी, विझलीच तर फुंकर बसून विझायला हवी. ही तर गुदमरून मरत होती. तिच्या जुन्या स्टोव्हने असं केलं असतं तर तिने झडपेला हातही लावला नसता. ती थेट छतावर बघायला गेली असती, धुराड्याच्या तोंडावर काय बसलंय ते.

तिने बूट चढवले. त्यालाच दहा मिनिटं गेली. आकडा चोपन्न. स्कीची एक काठी घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

दुपारचे तीन वाजले होते, पण उडत्या बर्फात हात पुढे केला तर पंजा दिसेना. ती भिंत धरून धरून कोपऱ्यापर्यंत गेली. डॉक्टरांनी ज्या ज्या गोष्टी करायच्या नाहीत म्हणून कागदावर लिहून दिलं होतं, त्या सगळ्या तिने त्या वीस पावलांत केल्या. कोपरा वळली आणि थांबली.

भिंतीला एक दार टेकवून ठेवलं होतं.

अख्खं लाकडी दार, तिरकं, वारा येतो त्या बाजूला बरोबर पाठ करून. खाली दोन ठोकळे, वर पाचर, एका कडेला पोत्याचं कापड खिळ्यांनी मारून फट बुजवलेली. कुणीतरी मन लावून केलेलं काम होतं. आणि त्या दाराच्या आडोशाला, झाकल्यासारखं, तिच्या शेकोटीचं नळकांडं. टाकलेला जळका वायू त्या आडोशातच कोंडत होता आणि शेकोटी तोच पुन्हा आत ओढत होती. दार हिरवं होतं. मूठ पांढऱ्या चिनीमातीची, एका बाजूने उडालेली. ओन्नी लाम्पीच्या जुन्या साउनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचं दार. ती मूठ उडवली होती रूडीने, लग्नाच्या आदल्या दिवशी, पिऊन.

बर्फात बुटांचे ताजे ठसे होते. ते सरळ शेजारच्या मागच्या दाराकडे गेले होते.

साइमाने पाचर काठीने उडवली आणि दाराला खांदा दिला. दार धाडकन पडलं. मग ती त्या ठशांवर पाय देत देत गेली आणि ओन्नीच्या दारावर मुठीने नाही, काठीने ठोकलं.

ओन्नीने दार उघडलं. लोकरी मोजे, खांद्यावरून पट्टे, हातात मेणबत्ती.

"ते दार तुझं?" साइमाने विचारलं.

सोळा वर्षांतलं हे पहिलं वाक्य. ओन्नीने मागे बघितलं, जणू घरात दुसरं कुणी उत्तर देईल.

"कुठलं दार?"

"ओन्नी!"

"बर्फ आत घुसत होतं," तो पुटपुटला. "त्या भोकात. माझ्या खिडकीतून दिसतं ना. वादळ आलं की सरळ भोकावर मारा. म्हटलं, आडोसा करावा."

"आडोसा! अरे बाबा, ते भोक श्वास घेतं! त्यातूनच आत आणि त्यातूनच बाहेर. तू त्याचं नाक दाबून ठेवलंस! तीन महिने मी त्या झडपेशी मारामारी करतेय. डुवेन तीनदा येऊन गेला. मी त्या पोराला पाव दिला नाही तुझ्यापायी!"

"मला काय माहीत, गॅसचं कसं असतं ते! मग काढून टाकायचंस की!"

"मला दिसलं तर काढणार ना! वादळ थांबलं की तूच उचलून नेतोस!"

"मग काय, तुला दिसेल असं ठेवू?" ओन्नी आता खरोखर दुखावल्यासारखा ओरडला.

त्याच्या मिश्यांवर बर्फाचे कण बसायला लागले होते. साइमाला अचानक सुरेख कापलेल्या बर्फाबद्दलचं डुवेनचं बोलणं आठवलं.

"माझी उत्तरेची बाजू कोण साफ करतं, ओन्नी?"

ओन्नीने आपल्या मोज्यांकडे बघितलं.

"कधीपासून?"

"पाच हिवाळे." त्याने मेणबत्तीपुढे हात धरला. "रूडी गेला त्या हिवाळ्यात नवा माणूस आला बर्फगाडीवर. मुनिसिंग गावचा. त्याला माझं नावही माहीत नाही. पहिल्या बर्फाला सकाळी उठून बघतो तर फाटकापुढे बांध. तसाच. तेवढाच. इंचभरही फरक नाही. पातं तिथे वळतं, साइमा. रस्ताच तसा आहे."

वारा इतका होता की तिने ऐकलं की नाही हे त्याला कळेना, म्हणून तो पुन्हा म्हणाला, "रस्ताच तसा आहे."

"हे रूडीला सांगायला हवं होतंस," साइमा म्हणाली.

"हो."

"अकरा वर्षं तो म्हणत होता. जेवताना म्हणायचा. झोपेत म्हणायचा. मी म्हणायचे, जाऊ दे, सोड. शेवटच्या आठवड्यातही मला म्हणाला, ओन्नीला सांग, मी मुद्दाम नाही केलं."

ओन्नीने मान खाली घातली. "मग तू सांगितलं नाहीस?"

"कॉफीच्या वेळी सांगणार होते. तू थांबलाच नाहीस."

मग साइमाला घरातला आकडा आठवला. तिने वळायला पाय उचलला आणि खुब्यातून अशी कळ गेली की तिने दाराची चौकट धरली.

"कोट घाल," ती म्हणाली. "मला हात दे. माझ्या घरात बावन्न झालं असेल, आणि पन्नासच्या खाली गेलं की ग्वेन घर विकणार आहे."

ओन्नीने कोट घातला आणि तिला जवळजवळ उचलूनच आणलं.

आकडा एक्कावन्न होता. साइमाने शेकोटी लावली. उघड्या झडपेवर ज्योत आता पाहिजे तशी फाटायला लागली, निळी, तोकडी, चिडकी. साइमाला ती बघून इतका आनंद झाला की ती हसली. काच उतरवून झडप पाव इंच मिटवली आणि पुन्हा पेटवली. मग अजून पाव इंच. तिसऱ्यांदा ज्योत उंच झाली, पिवळी झाली, आणि लाकडांना धरून राहिली.

"आता?" ओन्नीने विचारलं.

"आता वीस मिनिटं बघायचं. त्याशिवाय खरं कळत नाही. बस."

तो खुर्चीच्या टोकावर बसला, टोपी हातात धरून. साइमाने स्वयंपाकघरात काडी ओढून गॅस लावला आणि कॉफी उकळत ठेवली. परत आली तेव्हा जुना तारेचा फोन वाजत होता.

"आई! माझ्याकडे काहीच दिसत नाहीये. वीज गेलीय ना? शेकोटी चालू आहे का? खरं सांग."

"चालू आहे."

"आई."

"चालू आहे म्हटलं ना. बावन्न झालंय, चढतंय. पन्नासच्या खाली गेलं नाही."

"डबी कुठे आहे?"

"कपाटावर."

"काखेत नाही?"

साइमाने डोळे मिटले. शब्द मोडला की त्याची किंमत कितीदा द्यावी लागते हे तिला त्या क्षणी पुरतं कळलं. तिने फोन ओन्नीपुढे धरला. "तू सांग तिला."

ओन्नी फोनकडे साप असल्यासारखा बघत राहिला. मग त्याने तो घेतला.

"ग्वेन. मी ओन्नी." पलीकडे काहीतरी मोठ्याने विचारलं गेलं. "हो, लाम्पी. हो, शेजारचाच. हो, आत. खुर्चीवर." तो शेकोटीकडे वळला. "चालू आहे. चांगली चालू आहे. बिघाड शेकोटीत नव्हता, आणि तुझ्या आईतही नव्हता. मीच बंद पाडत होतो." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "बऱ्याच वर्षांपासून माझं चुकत होतं. आता दुरुस्त केलंय. नाही, थांब, तेवीस मिनिटं झाली की नक्की सांगतो."

"वीस," साइमा म्हणाली.

"वीस," ओन्नी फोनमध्ये म्हणाला.

वीस मिनिटं झाली, मग चाळीस झाली. ज्योत हलली नाही. आकडा एकसष्टवर आला. ओन्नीने कॉफीला तीनदा नको म्हटलं आणि चौथ्यांदा कप पुढे केला. पावाचे चार तुकडे खाल्ले. साडेचारला दिवे आले, भट्टी घरघरली, आणि कपाटावरच्या डबीने सगळा दिवस ग्रीन बेला धाडून दिला. त्यात सगळ्यांत खालचा आकडा एक्कावन्न होता.

ओन्नी उठला. दारापाशी टोपी घालताना म्हणाला, "ते रूडीचं..."

"ते मी विसरणार नाही," साइमा म्हणाली.

"नको विसरूस."

"आणि तुझं दार घेऊन जा. माझ्या भिंतीशी पुन्हा दिसलं तर सरपण करेन."

"तुझ्याकडे आता स्टोव्ह कुठे आहे?"

"ओन्नी, जा!"

तो पायऱ्या उतरला. साइमा दार लावणार होती, पण तिने ते पुन्हा उघडलं आणि वाऱ्यात ओरडून सांगितलं, "उद्या बर्फ काढायला येशील तेव्हा पुढच्या दाराने ये. मला दिसेल असा."